सुरतच्या फलाटावरील अध्यक्षशास्त्र : एक प्राथमिक मांडणी

१. विषयप्रवेश

राजांच्या वंशावळी झाल्या, पेशव्यांच्या बखरी झाल्या, गवयांची घराणीही नोंदून झाली. एसटीच्या अध्यक्षांची परंपरा मात्र कोणी अभ्यासाला घेतली नाही. विद्वत्तेला हे शोभत नाही. प्रस्तुत निबंध ती उणीव भरून काढू पाहतो. अभ्यासक्षेत्र म्हणून सुरतचे मध्यवर्ती बसस्थानक निवडण्याचे कारण निव्वळ शास्त्रीय आहे. येथे गुजरातची एसटी आणि महाराष्ट्राची एसटी एकाच आवारात उभ्या असतात, आणि लिंबायत, डिंडोली, उधना भागातला खानदेशी माणूस दोघींकडेही सारख्याच तटस्थतेने पाहतो. जी आधी सुटेल ती आपली.

२. मूळ पीठ

दोन्ही महामंडळांचे मूळ एकच. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. गाडी निळी, माथा रुपेरी. पुढे पुणे–महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरीआरोहिणी’ या आरामगाड्या आल्या. त्यांत पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि चक्क घड्याळ होते. नंतरच्या लाल गाडीत घड्याळ दिसत नाही. वेळापत्रकाविरुद्धचा पुरावा प्रवाशाच्या डोळ्यांसमोर टांगू नये, हे कोणा तरी दूरदर्शी माणसाच्या वेळीच ध्यानात आले असावे.

१ मे १९६० रोजी राज्याबरोबर एसटीचीही वाटणी झाली. गुजरातच्या वाट्याला ७ विभाग, ७६ आगारे आणि १,७६७ गाड्या आल्या. भावकीत भांडी वाटली जातात, सवयी वाटल्या जात नाहीत. त्याप्रमाणे दोन्हीकडे कायदा १९५० चाच राहिला. त्यानुसार अध्यक्ष नेमायचा तो राज्य सरकारने. सबब अध्यक्षाचे आयुष्य टायरपेक्षा सरकारवर अधिक अवलंबून असते.

३. वर्गीकरण

महाराष्ट्रशाखेत अध्यक्षांच्या तीन जाती आढळतात.

पहिली जात मंत्री-अध्यक्षांची. दिवाकर रावते आणि अनिल परब हे तिचे ठळक नमुने. हे सकाळी मंत्री म्हणून पत्र लिहितात आणि दुपारी अध्यक्ष म्हणून ते स्वीकारतात, टपालखर्च वाचतो.

दुसरी जात बिगरमंत्री-अध्यक्षांची. पंढरपूरचे सुधाकरपंत परिचारक याच जातीचे. आषाढीच्या जादा गाड्यांचे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नसणार. याच जातीत भरत गोगावले येतात. मंत्रिपदाची त्यांची प्रतीक्षा महाराष्ट्राला तोंडपाठ होती. ती चालू असताना सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना एसटीचे अध्यक्षपद मिळाले आणि डिसेंबरात मंत्रिपदही. ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ या घोषवाक्याचा याहून शब्दशः दाखला उपलब्ध नाही.

तिसरी जात सनदी. २०२५ च्या प्रारंभी परिवहन खात्याचे अपर मुख्य सचिव संजय सेठी यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली तेव्हा ती ठळकपणे दृष्टीस पडली.

४. कालनिर्णय

उत्खननात खापरांवरून थर ओळखतात, एसटीत रंग आणि नावांवरून. ‘एशियाड’ म्हटले की १९८२ च्या दिल्लीतल्या क्रीडास्पर्धा. गाडीवर ‘जय महाराष्ट्र’ आणि फलाटावर ‘शिवशाही’ दिसली की २०१७, म्हणजे रावतेयुग. वाहकाचा नवा गणवेश २०१८, युग तेच. विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी धावली, तीही पुणे–अहमदनगर; हा परबयुगाचा वरचा थर. त्याच युगात ऑक्टोबर २०२१ पासून कित्येक महिने संपाचा थर लागतो, त्यात गाड्यांचे अवशेष जवळजवळ सापडत नाहीत.

यावरून पहिला नियम निघतो : प्रत्येक कारकीर्द गाडीला बाहेरून हात लावते. आतली व्यवस्था वहिवाटीने चालते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा हक्क एकाही अध्यक्षाने दिलेला नाही, आणि एकालाही तो काढून घेता आलेला नाही.

५. सीमासिद्धांत

पंचाहत्तरी उलटलेल्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धे तिकीट १७ मार्च २०२३ पासून. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच. आता महाराष्ट्राच्या सुरत–धुळे गाडीत बसलेले एक जोडपे कल्पावे. आजोबा शहात्तर, आजी सत्तर, उतरायचे साक्रीला. बारडोली, व्यारा, सोनगढ या टापूत दोघेही पूर्ण भाड्याचे. नवापूर आले की आजोबा फुकट आणि आजी अर्ध्या. वाहक यंत्रावर बोट ठेवून समजावतो, ‘‘आजी, तुमचा सन्मान नवापूरपासून.’’ योजनेचे नाव ‘महिला सन्मान’ असल्यामुळे त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. आजी विचारतात, ‘‘आणि तोवर?’’ वाहक म्हणतो, ‘‘तोवर सुट्टे द्या.’’

म्हणजे अध्यक्षाची कीर्ती किती दूर पोचते, हे किलोमीटरमध्ये मोजता येते. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर फलाटच दोन राज्यांत विभागला आहे. तिथे ती सेंटिमीटरमध्येही मोजता यावी.

६. महानगरी उपशाखा

मराठे १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेत आले ते घोड्यांवरून, आणि लगेच परतले. विसाव्या शतकात ते एसटीने आणि भुसावळच्या पॅसेंजरने आले, आणि राहिले. शहरात २०१४ मध्ये बीआरटीएस सुरू झाली. महापालिकेच्या परिवहन समितीचे अध्यक्षपद पुढे सोमनाथ मराठे यांच्याकडे आले. साडेतीन शतकांत सुरतेची वाहतूक रोखणाऱ्यांपासून ती चालवणाऱ्यांपर्यंत झालेली ही वाटचाल इतिहासकारांनी दुर्लक्षावी, याचे नवल वाटते.

७. निष्कर्ष

एखादी गाडी अध्यक्षाच्या सहीने फलाटावरून हलल्याची नोंद मिळत नाही. गाडी हलते वाहकाच्या डबल बेलने. सही मुंबईत आणि दोरी वाहकाच्या हातात, ही विभागणी निळ्या-रुपेरी काळापासून चालत आली आहे. म्हणूनच अध्यक्ष बदलले तरी साक्रीची गाडी साक्रीलाच जाते. तरीही अध्यक्ष लागतातच. ते नसते तर कोणता रंग कोणत्या साली लागला, हे सांगता आले नसते आणि प्रस्तुत शास्त्र जन्मालाच आले नसते.

शिफारस एकच. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाने अध्यक्षशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन स्थापावे. त्याचा प्रमुख सरकारने नेमावा, कारण न देता बदलावा, आणि दारावरचे त्याचे नाव खडूने लिहावे. विषयाची गोडी त्याला आपोआप लागेल.