प्रलय, नाश्त्यासह

सिनेमातला भूकंप आणि घटस्फोट यांचं काहीतरी जुनं साटंलोटं आहे. ‘सॅन अँड्रियास’मध्ये (२०१५) ड्वेन जॉन्सनच्या हातात घटस्फोटाचे कागद पडतात आणि कॅलिफोर्निया फाटायला लागतो. ‘२०१२’मध्ये जॉन क्युसॅकची बायको दुसऱ्याबरोबर सुखात असते, जग बुडतं, त्यात तो दुसराही जातो आणि मूळ कुटुंब सुखरूप जहाजावर. पृथ्वीच्या पोटातले थर मुळात या जोडप्यांचा समेट घडवायलाच सरकतात, अशी माझी खात्री होत चालली आहे. आपल्याकडे कामाची वाटणी उलटी. ‘वक्त’मध्ये (१९६५) बलराज साहनी ज्योतिषासमोर फुशारकी मारतो, जमीन हलते आणि तीन पोरं तीन दिशांना. हॉलिवूडचा भूकंप मोडलेलं घर सांधतो, आपला भरलेलं घर मोडतो आणि सांधायचं काम कोर्टावर सोडतो. आपल्या कोर्टांचा वेग बघता शर्मिला टागोर आणि साधना असलेला इंटरव्हलपर्यंतचा मजकूर त्यात सहज बसतो.

या सगळ्या पडझडीत माझा लाडका पोटप्रकार म्हणजे बेटावरचं रिसॉर्ट. शहर हललं तर माणूस गावाला पळतो. बेटावर पळणार कुठे? चारी बाजूंना समुद्र, आणि तोही फितूर. शिवाय रिसॉर्टवर सगळे सुटीच्या कपड्यांत असतात, त्यामुळे निर्मात्याचा कपडेपटाचा खर्च वाचतो. साहित्य ठरलेलं: नुकतंच उद्घाटन झालेलं हॉटेल, सिगार ओढणारा मालक, दाढी वाढलेला शास्त्रज्ञ, एक लग्नसमारंभ आणि एक कुत्रा. कुत्रा शेवटपर्यंत जगतो. मालकाची मी हमी देत नाही.

या जातीचा मुकुटमणी म्हणजे ‘व्हेन टाइम रॅन आउट’ (१९८०). निर्माता आयर्विन अ‍ॅलन. ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये जहाज उलटं करून आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये टॉवर पेटवून त्यानं रग्गड पैसा केला होता. जमीन आणि पाणी झाल्यावर उरलं बेट. पॅसिफिकमधलं एक बेट, त्यावर आलिशान हॉटेल आणि मागे ज्वालामुखी. पॉल न्यूमन कानीकपाळी ओरडतो की निघा इथून. हॉटेलचा भागीदार म्हणतो, काही होत नाही, इथेच सुरक्षित आहे. पाहुण्यांचे दोन तट पडतात. यात एक प्रयोगशाळा आहे, ती थेट ज्वालामुखीच्या तोंडावर. तिथून तळाला काच असलेला पिंजरा विवरात सोडून शास्त्रज्ञ खाली डोकावतात. शेवटी लाव्ह्याच्या नदीवर एक मोडका लाकडी पूल येतो, आणि योगायोग बघा, पाहुण्यांमध्ये डोंबाऱ्याचा खेळ करून निवृत्त झालेले एक आजोबा निघतात. दोरीवर चालण्याचा आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून ते पोरांना पलीकडे नेतात. एवढं सगळं करूनही सिनेमा सपशेल आपटला. ऑस्करसाठी नामांकन मिळालं ते वेशभूषेला. प्रलयात इस्त्री टिकली याचं कौतुक असावं.

हा सिनेमा मी आत्याबरोबर पाहिला. आत्या पाटणची, म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातली, आणि भूकंप या विषयात तिला बाहेरच्या माणसाचं ऐकून घ्यायची सवय नाही. कोयनेचं धरण भरल्यापासून तिकडची जमीन अधूनमधून अंग झाडते. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतात. आत्याला रिश्टर लागत नाही. मांडणीतली भांडी किणकिणली तर तीन. फडताळाचं दार आपोआप उघडलं तर चार. चारच्या खालच्या धक्क्याला ती हातातली भाकरी तव्यावर टाकून मगच बाहेर येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल मात्र ती थट्टा करत नाही. कोयनानगरची घरं तेव्हा बसली ती तिनं पाहिली आहेत.

अशा बाईबरोबर प्रलयपट बघणं म्हणजे हलवायाला घेऊन लग्नाला जाण्यासारखं. “आरं, एवढं हलतंय आन् ही बया लिफ्टमधी कशाला शिरली?” इथून सुरुवात. मग, “पळत्यात समदी, पण ग्यास कुनी बंद केला का?” जमीन मधोमध फाटून माणसं गिळते त्या दृश्याला तर ती खो खो हसली. यात शास्त्र तिच्या बाजूनं आहे. भूकंपात दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. त्या दार उघडल्यासारख्या वासून राहिल्या तर घर्षणच उरणार नाही आणि भूकंपही होणार नाही. पण हे दिग्दर्शकाला सांगायचं कुणी? दरी नसेल तर खलनायक पडणार कशात?

१९७४ चा ‘अर्थक्वेक’ तिला आवडला असता, असं मला उगाच वाटतं. त्यात कथेपेक्षा हादरा खरा होता. पटकथेत ‘गॉडफादर’वाल्या मारिओ पुझोचा हात, आणि थिएटरात ‘सेन्सराउंड’ नावाची यंत्रणा. कपाटाएवढे स्पीकर इतका खर्जातला आवाज काढायचे की तो कानाऐवजी पोटात ऐकू यायचा. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली. त्या आवाजाला ऑस्कर मिळालं. जाळीला मिळायला हवं होतं.

पण आत्याची मुख्य तक्रार वेगळी होती. दाढीवाला माणूस पहिल्या वीस मिनिटांत सगळं खरं सांगतो, तर कुणी ऐकत कसं नाही? मी म्हटलं, “आत्या, ऐकलं तर सिनेमा तिथंच संपेल.” ती म्हणाली, “मग संपू दे की. माणसं वाचत्याली.”

हे खरोखर घडलं तर काय होतं, याचा प्रयोग ग्रीसच्या सँटोरिनी बेटानं २०२५ मध्ये करून दाखवला. पांढरी घरं, निळे घुमट आणि त्यांच्यापुढे पदर उडवणाऱ्या नववधू, ते हेच बेट. वस्ती जेमतेम पंधरा हजारांची आणि वर्षाला पर्यटक तीस लाखांच्या वर. हे निसर्गरम्य कडे म्हणजे एका महास्फोटात खचलेल्या ज्वालामुखीची कड. १९५६ च्या जुलैत शेजारच्या आमोर्गोसजवळ साडेसातच्या आसपासचा भूकंप झाला, त्सुनामी आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि बरीच कुटुंबं बेट सोडून अथेन्सला गेली. म्हणजे कथानक तयार, सेट तयार, जुनं पापही तयार.

जानेवारीच्या अखेरीस जमीन थरथरायला लागली. एकामागून एक हजारो धक्के. आता सिगारवाला मालक पुढे येऊन म्हणणार, ‘सीझन बुडेल, कुणाला सांगू नका!’ छे. शास्त्रज्ञांनी सांगितलं आणि सरकारनं ऐकलं. शाळा बंद. कड्याखालच्या बंदरांकडे फिरकायचं नाही. बंद सभागृहात गर्दी करायची नाही. आणि सगळ्यात नामी हुकूम: पोहण्याचे तलाव रिकामे करा. भरलेल्या तलावातलं पाणी धक्क्यानं हिंदकळतं आणि इमारतीला आणखी ढकलतं, म्हणून. हे वाचून मला पटकथाकारांची दया आली. त्यांनी बिचाऱ्यांनी नायिकेला क्लायमॅक्ससाठी तलावाकाठी निजवून ठेवलेलं असतं, आणि इथे पालिकेचा माणूस येऊन म्हणतो, बाई, उठा, बूच काढायचंय.

अकरा हजारांच्या वर माणसं बोटीनं आणि विमानानं बाहेर पडली. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणाची नवी प्रेयसी लाटेत गेली नाही. १० फेब्रुवारीला सगळ्यात मोठा धक्का बसला, ५.३ चा. काही दरडी कोसळल्या. मग हळूहळू थंडावलं. पुढे शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की समुद्राच्या तळाखाली कोट्यवधी घनमीटर शिलारस वर सरकला आणि वाटेतच थांबला. ज्वालामुखीनंसुद्धा इंटरव्हलनंतर यायचं नाकारलं.

असे लागोपाठ धक्क्यांचे थवे आपल्याकडेही आले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जमीन महिनोन्‌महिने हलत राहिली, माणसं थंडीत तंबूत झोपली. पण तिथे निळे घुमट नव्हते आणि रिकामे करायला तलावही नव्हते, त्यामुळे जगभरचे कॅमेरे काही तिकडे वळले नाहीत.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर टिली स्मिथचं नाव घ्यायला हवं. २००४ च्या डिसेंबरात फुकेत बेटाच्या किनाऱ्यावर आलेली दहा वर्षांची इंग्रज मुलगी. समुद्र विचित्र फेसाळताना दिसला आणि दोन आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेली त्सुनामी तिला आठवली. आईला आधी पटेना, पण पोरीनं हेका सोडला नाही. वडिलांनी सुरक्षारक्षकाला सांगितलं, त्यानं किनारा रिकामा केला, आणि शंभराच्या आसपास माणसं वाचली. भूगोलाचा पेपर नेहमी शेवटी ठेवणाऱ्या शाळांनी याची नोंद घ्यावी. सिनेमात त्या रक्षकानं ‘बाळ, आईस्क्रीम खातेस का?’ विचारलं असतं.

आत्याला हे सगळं मी जेवताना सांगितलं. तिला सँटोरिनी फारच आवडलं. विशेषतः बूच काढणं. नेमक्या त्याच वेळी आमच्या हिनं मोबाइलवर सँटोरिनीचं पॅकेज काढून पुढे धरलं, कारण गेल्या मोसमाच्या धसक्यानं दर उतरल्याचं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढे पैसे खर्चून हलायला कशाला जायचं, पाटणला फुकट हलतं. या वाक्याचं घरात स्वागत झालं नाही. हिनं स्पीकरवर टूरवाल्याला फोन लावला.

“तिथे भूकंप झाला तर पैसे परत मिळतात का?”

“मॅडम, ते तुमच्या इन्शुरन्सवर आहे. पण नाश्ता पॅकेजमध्येच आहे. आणि रूमला प्रायव्हेट पूल.”

आत्यानं ताटावरून मान वर केली.

“त्याला इचार, पूल भरल्याला हाय का रिकामा?”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “मॅडम, भरलेलाच असतो. रिकाम्याचे कशाला पैसे घेऊ?”

“मग नगं,” आत्या म्हणाली, आणि आमटी वाढून घेतली.