घरच्या घरी पुष्परचना (फक्त गोंदिया जिल्ह्यासाठी)

पुष्परचना जपानी माणसाने फार मनावर घेतली. त्यांच्या इकेबानात मुख्य काड्या तीन: आकाश, माणूस आणि पृथ्वी. आमच्या अर्जुनी मोरगावकडे चौथीही हिशेबात धरावी लागते, ती म्हणजे आई. हे ध्यानात ठेवूनच पुढील कृती करावी.

दुकानातला बुके पाचशेला पडतो आणि त्यात निम्मा चकचकीत कागद असतो. आपली रचना फुकट. फुकट म्हणजे गाडीचं पेट्रोल सोडून.

भांडं म्हणून पितळी गडवा चिंचेने घासून घ्यावा. काड्या उभ्या राहायला हिरवा स्पंज विकत आणू नये. ओल्या तणसाची घट्ट गुंडाळी आत दाबली की काम भागतं. गडवा मात्र ओसरीवर ठेवू नये. बकरी आधी तणस ओढते, मग गडवा आडवा होतो, मग बोलणी आपण खातो.

फाल्गुनात पळस घ्यावा. १९९९ साली जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, पळसाला ते अजून कोणी कळवलेलं नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच पेटतो. फांदीवर पान नको, कळ्यांवर तपकिरी मखमल हवी, आणि फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. एक फांदी उंच, दुसरी आडवी, तिसरी गडव्याच्या काठावरून खाली. वास नाही, म्हणजे डोकंही दुखत नाही. माझी रचना सकाळी नऊला पूर्ण झाली. साडेअकराला ती चुलीवरच्या गंजात उकळत होती आणि पोरं भोवती पिचकाऱ्या घेऊन बसली होती. रंग सुरेख उतरला, हे कबूल केलं पाहिजे. पळसाला पानं तीनच हे कुठेही गेलं तरी खरं. फुलं मात्र होळीच्या तोंडावर एकही उरत नाही.

पळस ओसरला की मोह. त्यासाठी उजाडायच्या आत झाडाखाली हजर व्हावं. आपल्या आधी तिथे अस्वल नाही ना, हे लांबूनच पाहावं; मोहावर त्याचंही तितकंच प्रेम आहे, आणि नियोजनात ते आपल्या पुढे आहे. खाली टपटपलेलं फूल फिकट, मांसल, बोटांना चिकटणारं असतं. त्याला देठ नसतो, म्हणून गडवा बाद. पितळी परातीत पाणी घालून त्यात फुलं सोडावी आणि परात बैठकीत ठेवावी. दुपारपर्यंत वास घरभर होतो, संध्याकाळपर्यंत गल्लीभर. मग एरवी कधी न येणारे शेजारी येतात, परातीकडे बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "कधी गाळनार?"

आई तेवढ्यात बाहेर आली. "पान्यात कायले नासवतास रे?" म्हणाली आणि परात उचलून घेऊन गेली. चार दिवसांनी माझी रचना गच्चीवरच्या चादरीवर, मनुकांसारखी तपकिरी होऊन पडलेली आढळली.

नवेगावबांधच्या बाजूची कमळं आणली तर ती देवघरात जातात. दिवाळीच्या सुमारास धानाच्या लोंब्या लावल्या तर चिमण्या त्यांचा निकाल लावतात. सगळा घोळ असा की आमच्याकडे प्रत्येक फुलाला काही ना काही काम असतं. नुसतं बसून राहण्यासाठी फूल आणणारा माणूस घरच्यांना आजारी वाटतो.

यावर उपाय एकच. नाल्याच्या काठाला जावं आणि बेशरम तोडावी. जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखी फुलं, जवळपास बारमाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, देवाला ती चालत नाही, रंग निघत नाही, गाळता येत नाही. चीक डोळ्याला लागू देऊ नये, हात साबणाने धुवावे, एवढंच पथ्य. तीन काड्या काचेच्या बाटलीत उभ्या केल्या, आकाश, माणूस, पृथ्वी, अगदी नियमाप्रमाणे. कोणी काही बोललं नाही. आईने एकदा बाटलीखालचं टेबल पुसलं आणि बाटली होती तिथेच परत ठेवली.

फुलं दुसऱ्या दिवशी गळाली, काड्या तशाच राहिल्या. आठवड्याने पाणी बदलायला बाटली उजेडात धरली, तर तिन्ही काड्यांना पांढरी मुळं फुटली होती.