विंगेतला गणपती

टॅब बंद पडला असता तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची, दर दिवाळीला काढून पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. पण सांगलीच्या अण्णांचा टॅब चालू आहे. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह उमटतं, मागोमाग विंडोज येतं, आणि आता आपल्याकडे कुणी बघत नाही, असं सांगत बसतं. ते खरंही आहे. विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्याआधी तरी काय, अपडेटला जेवढी जागा लागे तेवढी त्या ३२ जीबीच्या जिवात कधी शिल्लकच नसे.

अण्णा म्हणजे माझे थोरले मेव्हणे. मी साताऱ्यात, ते सांगलीत, विश्रामबागला. टॅब आमच्या चिरंजीवांनी पहिल्या पगारातून घेतला आणि परदेशी जाताना मामाला देऊन टाकला. अण्णांची मागणी माफक आहे. संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकता यावं आणि अक्षरं मोठी करून चार पानं वाचता यावीत. एवढ्यासाठी नवा टॅब घ्यायचा? “दाजी, काचेला अजून चरा नाही,” असं म्हणून ते टॅब उजेडात धरतात. तेव्हा ठरलं, की साताऱ्याहून मी पेनड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घालून पाठवायचं आणि अण्णांनी टॅब त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. आतलं काही पुसायचं नाही, आधी नुसतं बघायचं. पेनड्राइव्ह कंदी पेढ्यांच्या खोक्यात बसला आणि सांगलीला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एसटीनं गेला. कुरिअर असतं, पण त्यात पेढ्यांना निमित्त मिळत नाही.

अण्णांनी पेनड्राइव्ह लावला. विंडोज सुरू झालं. काढून परत लावला. परत विंडोज.

हे दुखणं दुसऱ्याला सांगणं मोठं कठीण. “टॅब सुरू होत नाही का?” “होतो.” “मग?” “आम्हाला पाहिजे तिथून होत नाही.” यावर समोरचा माणूस आपल्याकडे जरा प्रेमानं बघायला लागतो. एका दुकानातल्या मुलानं तर टॅब हातात घेऊन, न उघडता, “बोर्ड गेलाय” असा निकाल दिला. त्याचा राग येण्यासारखं काही नाही. त्याचा अर्धा तास त्या टॅबपेक्षा महाग आहे, आणि आम्ही दोघं सोडून बाकी सगळ्यांना तो हिशेब कळतो.

सांगलीकरांना हा प्रकार समजवायचा तर १८४३ पर्यंत मागं जावं. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी नाटकाचा पडदा वर गेला. भाव्यांच्या नाटकात पुढं कथा कुठलीही असो, सुरुवात ठरलेली. सूत्रधार येणार, मंगलाचरण करणार, विदूषक त्याची थट्टा करणार, मग गणपती, मग सरस्वती, आणि त्यानंतर कुठे कथेला तोंड फुटणार. टॅबमध्येही असा एक सूत्रधार असतो. यूईएफआय त्याचं नाव, बोर्डावरच्या एका बारक्या चिपमध्ये त्याचा मुक्काम. बटण दाबलं की पहिला तो जागा होतो. कथानक त्याला ठाऊक नसतं, विंडोज काय नि लिनक्स काय. मेमरी, पडदा, बटणं जागच्या जागी आहेत ना एवढं बघायचं, यादीत ज्याचं नाव पहिलं त्याला हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. अण्णांच्या टॅबमधल्या यादीत पहिलं नाव विंडोजचं. पेनड्राइव्हवरचा गणपती विंगेत सोंड सावरून उभा, आणि त्याला हाक काही येत नाही.

यादी बदलायची तर सूत्रधाराला गाठावं लागतं. आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता चालू करायचं बटण दाबायचं. लिहायला सोपं आहे. अण्णांच्या अंगठ्यानं मात्र नेमकं उलटं केलं, आणि दर वेळी विंडोज हसतमुखानं हजर. शेवटी विंडोजच्याच सेटिंगमधून आतला जिना सापडला. रिकव्हरीत जाऊन प्रगत पद्धतीनं रिस्टार्ट केलं की तिथे सूत्रधाराच्या खोलीचं दार असतं.

त्या खोलीत गेल्यावर कळलं की तिथे बोटानं काही चालत नाही, कीबोर्ड लागतो. आणि टॅबला भोक एकच. त्याच मायक्रो यूएसबीच्या भोकातून चार्जिंग, त्यातूनच कीबोर्ड, त्यातूनच पेनड्राइव्ह. म्हणून ओटीजी केबल आणली. या केबलीत पाच पिनांपैकी एक जमिनीला जोडलेली असते. ती तशी दिसली की टॅबला कळतं, आपल्याला आज वीज घ्यायची नाही, द्यायची आहे. साध्या केबलीत ती पिन मोकळी असते, म्हणून दिसायला सारखीच असलेली केबल कितीही खोचली तरी टॅब ढिम्म. ओटीजीला हब, हबला कीबोर्ड नि पेनड्राइव्ह, असा वऱ्हाडासह सोहळा सुरू झाला. अडचण एवढीच, की या सगळ्यांना वीज पुरवायची ती टॅबच्याच पोटातली, आणि चार्जर लावायला जागा नाही. दोन्ही कामं एकदम करणारा हब मिळतो, पण तोही प्रत्येक टॅबला मानवत नाही.

बॅटरी बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास मान टाकायची. सांगली जिल्ह्यातच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल दीड तास बंद राहतात. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. आपला टॅब मूळचा तिथलाच असणार, असं अण्णांचं मत पडलं. त्या दीड तासात आम्हीही फोनवर बोलत असू, म्हणजे गावाचा हेतू इथेही साधतच होता.

पुढं अडलं ते सहीवर. सिक्युअर बूट म्हणतात त्याला. विंगेतून येणाऱ्याजवळ ओळखीची सही आहे का, हे सूत्रधार तपासतो आणि नसेल तर रंगमंचावर पाऊल ठेवू देत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ही पद्धत घरोघर पोचली. हेतू वाईट नाही, चोरानं देवाचं सोंग घेऊन शिरू नये एवढाच. लिनक्सवाल्यांतल्या मोठ्या मंडळींनी यातून वाट काढली. आपल्या पहिल्या छोट्या फाइलीवर त्यांनी मायक्रोसॉफ्टचीच सही घेतली. मला यातलं एवढंच पचत नाही, की पैसे आमच्या पोरानं मोजले, टॅब मेव्हण्याच्या मांडीवर आहे, आणि आत कुणी यायचं ते ठरतं अमेरिकेत. भाव्यांना चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता, पण ते राजे निदान समोर बसून नाटक बघत होते. बरं, या सह्यांनाही मुदत आहे. २०११ साली काढलेली त्यांची प्रमाणपत्रं २०२६ च्या जूनपासून संपायला लागतात. हे ऐकून पेन्शनर अण्णांना पहिल्यांदाच त्या कंपनीबद्दल आपुलकी वाटली. “म्हणजे त्यांना पण हयातीचा दाखला द्यावा लागतोय म्हणा की!”

सुदैवानं या टॅबमध्ये ती तपासणी बंद करायची सोय होती. अण्णांनी ती केली आणि मोठ्या आशेनं बटण दाबलं.

विंडोज.

खरं कारण बारीक होतं, आणि ते कळल्यावर मला हसू यावं की चीड यावी हे ठरेना. इंटेलनं २०१३ च्या सप्टेंबरात बे ट्रेल नावाचे ॲटम प्रोसेसर काढले. ते ६४ बिटचे. पुढं २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं नऊ इंचांहून लहान पडद्याच्या यंत्रांना विंडोज फुकट देण्याचं जाहीर केलं आणि आठ इंची टॅबचं पीक आलं. अण्णांचा टॅब त्याच पिकातला. त्यांत मेमरी एक-दोन जीबी, म्हणून विंडोज ३२ बिटचं घातलं. आणि ३२ बिटच्या विंडोजला हाक मारायला सूत्रधारही ३२ बिटचाच बसवला. डोकं ६४ बिटचं, दार ३२ बिटचं! खोक्यावर अर्थातच फक्त डोक्याचा आकडा छापलेला, त्यामुळे कुणीही शहाणा माणूस ६४ बिटचाच पेनड्राइव्ह तयार करणार. त्या पेनड्राइव्हवर बूटएक्स६४ नावाची फाइल असते, आणि हा गृहस्थ बूटआयए३२ नावाची शोधत असतो. सापडली नाही म्हणून तक्रार करत नाही, कुरकुरत नाही. समोर उभा असलेला गणपती त्याला दिसतच नाही.

तेव्हा वाटलं, ज्या स्वस्त सरकारी ‘आकाश’ टॅबची आपण सगळ्यांनी मिळून थट्टा केली तो बिचारा किती मोकळ्या मनाचा होता. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत त्याचा गाजावाजा झाला, पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या मदतीनं दुसरी आवृत्ती आली, आणि तिथल्याच मंडळींनी त्याच्यासाठी एसडी कार्डावरून चालणारं लिनक्स करून दिलं. कार्ड घाला, सुरू करा. सही विचारली नाही, दार मोजलं नाही. स्वस्त वस्तूला मिजास परवडत नाही, हे एक कारण असेल.

या अर्धवट यंत्रांची दया लिनक्सवाल्यांना आधीच आली होती. २०१४ च्या ३.१५ क्रमांकाच्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ३२ बिटच्या दारातून ६४ बिटचं बिऱ्हाड आत घ्यायची युक्ती आली, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये डेबियन नावाच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीनं ती सोय आपल्या खोक्यातच घातली. आमच्या पेनड्राइव्हवर मात्र ती बूटआयए३२ फाइल नव्हती. ती मी ईमेलनं पाठवली, अण्णांनी जुन्या डेस्कटॉपवर उतरवून घेतली, पण ती योग्य फोल्डरमध्ये, योग्य नावानं ठेवायची होती. एक अक्षर चुकलं तरी सूत्रधार परत आंधळा. मी साताऱ्याहून फोनवर नाव सांगत होतो.

“बी बटाट्यातला.”

“हं.”

“ओ ओव्यातला. दोनदा.”

“ओवा एकदाच घालतात, पण बरं.”

“टी टमाट्यातला. आय इडलीतला. ए अण्णांमधला.”

यावर बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग अण्णा म्हणाले, “तो लिहिलाय.” तो त्यांनी मोठ्या लिपीत लिहिला असणार याबद्दल मला शंका नाही. इथे लहान-मोठ्या लिपीनं फरक पडत नाही, हे एक बरं.

रात्री व्हिडिओ कॉल आला. अण्णांचा चेहरा आडवा दिसत होता. आधी वाटलं फोन आडवा आहे. फोन सरळ होता, अण्णाच पलंगावर कुशीवर झोपले होते, कारण टॅबवर लिनक्स आलं होतं आणि ते आडवं आलं होतं. या आठ इंची टॅबांमध्ये पडदा मुळात उभा बसवलेला असतो आणि नवख्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून अक्षरं भिंतीवरच्या पालीसारखी चढत जातात. वहिनी मागून म्हणत होत्या, टॅब फिरवा. टॅब फिरवला की हबची केबल निघत होती. म्हणून अण्णा फिरले होते.

पडदा सरळ करायला सेटिंगमधली एक ओळ पुरली. बोट लावलं की भलतीकडे टिचकी पडते, ते हळूहळू जमेल. अक्षरं मोठी होतात. वायफाय आलं. मग अण्णांनी एक नाट्यगीत लावलं आणि फोन टॅबजवळ नेला.

“दाजी, लागलंय बघा. काटा पुढं सरकतोय, वेळ मोजतोय. गाणं चाललंय. फक्त ऐकू येत नाही.”

ते निराश झाले असतील म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, पण आवाजावरून तसं काही वाटेना. आवाजाची चिप कुठल्या कंपनीची असते, ती कुठल्या फाइलीची वाट बघत असेल, ती फाइल कुठे ठेवायची, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी मलाच घातले. उद्या सकाळपर्यंत बघून ठेवतो म्हटलं. “सावकाश बघा, घाई कुणाला आहे,” अण्णा म्हणाले, “आणि फाइल ईमेलनं पाठवू नका. पेनड्राइव्हवरच पाठवा. पेढे संपलेत.”