फोन ठेव काका

फोन ठेव काका प्रत्येक सोसायटीत एकच असतात, पण काम दहा जणांचं करतात. सकाळी साडेसहाला बागेतल्या बाकावर टेकून ते दिवसाचा पहिला मेसेज सोडतात : 'खेळाडूंनी मोबाइलला हात लावू नये.' सोबत उगवता सूर्य आणि एक कमळ. हाच मेसेज अकरा ग्रुपवर जातो. त्यातल्या दोन ग्रुपांनी काकांना एकदा काढून, काकूंच्या शब्दाखातर पुन्हा घेतलेलं आहे. पायजम्याच्या खिशात पॉवर बँक असते.

त्यांची स्वतःची क्रीडा कारकीर्द ऑफिसच्या कॅरम स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. तिथं 'राणीला कव्हर मिळालेलं नाही' असा निकाल पंचांनी दिला. काकांनी तो अजून मान्य केलेला नाही.

त्यांचा हुकमी दाखला सिंधूचा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी प्रशिक्षक पुल्लेला गोपीचंद यांनी पी. व्ही. सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता. रौप्यपदक हाती आल्यावर 'आता तिचा फोन परत देतो' असं त्यांनीच पत्रकारांना सांगितलं. एवढी गोष्ट खरी. काकांच्या तोंडी मात्र ती वाढत गेली. आधी तीन महिन्यांचे सहा झाले, लॉकडाउनमध्ये वर्ष झालं आणि गेल्या गणपतीत तर सिंधूनं स्वतःच्या हातानं फोन हुसेनसागरात फेकला. गोपीचंद यांनी तिचं गोड दही आणि आइस्क्रीमही बंद केलं होतं, तो भाग काका गाळतात. काकांना मधुमेह आहे, आणि काकू आत ऐकत असतात.

दुसरा दाखला धोनीचा. "माही बघा! फोनच उचलत नाही!" धोनीला फोनवर गाठणं कठीण, हे त्याचे सहकारीही सांगतात. पण 15 ऑगस्ट 2020 रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाल्याचं त्यानं कळवलं ते इन्स्टाग्रामवर, 19.29 अशी वेळ घालून. काकांना ते लगेच कळलं. ते तिथेच होते.

खरं तर काकांच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा उपलब्ध आहे, फक्त तो त्यांना झेपणारा नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या एमिली सीबोमनं 100 मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत ऑलिंपिक विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र ती दुसरी आली. फेसबुक-ट्विटरवर 'सुवर्ण तुझंच' वाचत आपण नको तितक्या रमलो, वेळीच बाहेर पडायला हवं होतं, असं तिनंच नंतर सांगितलं. म्हणजे तिला शिव्या नडल्या नाहीत, शुभेच्छा नडल्या. उगवता सूर्य आणि कमळ!

शिव्यांचा हिशेब वेगळा. 4 सप्टेंबर 2022 च्या रात्री, दुबईत, आशिया कपच्या भारत-पाकिस्तान सामन्यात अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा सोपा झेल सुटला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. विकिपीडियावरच्या त्याच्या पानातसुद्धा कुणी तरी 'खलिस्तान' घुसवलं. काका इतक्या टोकाचे नाहीत. त्यांनी 'घरी बसवा याला' एवढंच लिहिलं, तीन उद्गारचिन्हं लावून, आणि सकाळी 'तरुण खेळाडूंनी असलं काही वाचूच नये' हा लेख फॉरवर्ड केला. तोच अर्शदीप 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात 17 बळी घेऊन परतला, तेव्हा काका म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो." काय म्हणत होते, ते ग्रुपवर अजून आहे.

काकांच्या तावडीत प्रत्यक्ष सापडलेली एकुलती एक खेळाडू म्हणजे सी विंगमधली थाळीफेक करणारी मुलगी. लिफ्टमध्ये दिसली की "फोन ठेव गं" हे ठरलेलं. ती बिचारी "हो काका" म्हणते. तिची पंचाईत त्यांना कोण सांगणार? बुटांसाठी, प्रवासासाठी प्रायोजक शोधायला गेलं, की पहिला प्रश्न थाळी किती लांब जाते हा नसतो, 'फॉलोअर किती' हा असतो. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे उभे करताना दारोदार फिरावं लागलं; कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं. घर गहाण टाकणारे प्राचार्य आता कुठून आणायचे? मग सरावाचे व्हिडिओ टाकायचे आणि वाट बघायची.

शिवाय बोलायचं असेल तर कुठे बोलायचं? नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखनं जानेवारी 2024 मध्ये, नेदरलँड्समधली स्पर्धा आटोपल्यावर, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चार न्याहाळत बसतात हे सुनावलं, तेही इन्स्टाग्रामवरच. पुढच्या वर्षी जुलैत तिनं बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. काकांनी तेव्हा अभिनंदन केलं. "पोरीनं साडी नेसायला हवी होती," असंही जोडलं.

गेल्या महिन्यात सी विंगची मुलगी बालेवाडीला राज्य स्पर्धेला गेली आणि जाताना तिनं खरोखरच फोन बंद केला. शुक्रवार काकांनी कौतुकात काढला. शनिवारी सकाळी त्यांनी तिचं इन्स्टाग्राम उघडलं : काही नाही. दुपारी चार वेळा उघडलं. "अहो, एक फोटो टाकायला काय जातं?" असं ते वॉचमनला म्हणाले. स्टोरी नाही, स्टेटस नाही, आईचाही फोन बंद. संध्याकाळचं फिरणं चुकलं, जेवणात लक्ष लागेना. रात्री साडेअकराला चप्पल घालून ते सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. तिच्या वडिलांनी अर्धवट दार उघडून हळू आवाजात सांगितलं, "रौप्य मिळालं, काका. आताच आली, झोपलीय."

काका जिना उतरतानाच टाइप करू लागले : 'आपल्या लेकीला रौप्य! ती दमून झोपली आहे. कृपया कुणी मेसेज करून त्रास देऊ नये.' अकराच्या अकरा ग्रुपवर टाकलं, तिला वेगळं पाठवलं, आणि एक वाजेपर्यंत तिची ब्लू टिक येते का बघत बसले.