अगं बाई, पोरी परक्यांची पात्रं पळवतात!

ऐकलं का? बोलायची सोय नाही, पण बोलल्यावाचून राहवतही नाही. आपल्या जळगाव जामोदातल्या चांगल्या घरच्या पोरी, त्याच, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणाऱ्या, नाव विचारलं तर पायाच्या अंगठ्याकडे बघून सांगणाऱ्या, रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन लोकांची लग्नं जुळवतात. जुळवतात आणि मोडतातही! बरं, लोक तरी ओळखीपाळखीचे? एक कोरियात गाणारा, एक हॉगवर्ट्समधला चष्मेवाला, एक हिंदी मालिकेतला तिरसट उद्योगपती. ती मालिका २०१२ मध्ये संपली, पण ‘इस प्यार को क्या नाम दूं’मधल्या अर्णव-खुशीचा संसार चाहत्यांनी लिहून लिहून पुढे चालूच ठेवला. आजीनं विचारावं, “काहून वं पोट्टे, एवढं काय लिवून रायली?” तर उत्तर ठरलेलं: “असाइनमेंट.”

दुसऱ्याची पात्रं घेऊन अशा गोष्टी लिहिण्याला म्हणे फॅनफिक्शन म्हणतात. आपल्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीकपाणी, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत होतं. घरोघरी लेखिका उगवणार हे काही कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान नेट पॅक लहान मारला असता.

आणि या सगळ्याला फूस लावणारं एक पुस्तकही आहे. अमेरिकेत नेब्रास्का नावाचं मक्याचं राज्य आहे. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त सातपुडा नाही. तिथल्या रेनबो रॉवेल या बाईंनी २०१३ साली ‘फॅनगर्ल’ नावाची कादंबरी काढली. नायिका कॅथ, अठरा वर्षांची, महालाजाळू. कॉलेजात गेली तर जुळी बहीण म्हणते, मला तुझ्या खोलीत राहायचं नाही. झालं! ही बया मेस कुठे आहे हे विचारायला लाजते आणि खोलीत बसून पीनट बटर खाते. (हसू नका. पुण्याला गेलेल्या आपल्या किती पोरी पहिले पंधरा दिवस घरच्या चिवड्यावर काढतात, ते त्यांच्या डब्यांना विचारा.) पण हीच भित्री भागूबाई रात्री दुसऱ्याच्या पुस्तकातल्या सायमन स्नो नावाच्या जादूगार पोराची प्रेमकथा लिहिते. कुणाशी? त्याच्या कट्टर वैऱ्याशी! तोही पुरुष, आणि वर रक्तपिपासू! हजारो लोक पुढच्या भागाची वाट बघतात आणि शेजारच्या खोलीला पत्ता नाही.

मग व्हायचं तेच होतं. कॅथ तेच लिखाण वर्गात देते आणि प्राध्यापिका बाई थेट नापास करतात. म्हणतात, ही चोरी. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं, तुझं काय?

मला तर बाईंचं पटलंच होतं. पण नंतर घरातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे नजर गेली. अहो, अर्धं कपाट चोरीच्या मालाचं!

वि. स. खांडेकर. ‘ययाति’, १९५९. पात्रं महाभारतातली उचललेली, देवयानी आणि शर्मिष्ठा दोघींना आपापली बाजू मांडायला लावलेली, आणि देवयानीचा जुना जीव जो कच, त्याला पार आदर्शाच्या पाटावर बसवलेलं. शिक्षा काय झाली? १९७४ चं ज्ञानपीठ. मराठीतलं पहिलं! शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ लिहिली, त्यात कर्णाबरोबर त्याची बायको, भाऊ, आई सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. पोरींच्या भाषेत याला पीओव्ही म्हणतात आणि त्यासाठी त्यांना बोलणी बसतात. बारामतीच्या मोरोपंतांचं तर विचारूच नका. एकाच रामकथेवर १०८ रामायणं! एक तर असं, की वाचताना ओठाला ओठ लागू नये. यापुढे पोरींच्या गोष्टीचा भाग सत्तेचाळीस म्हणजे काय? आणि एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अडलं, ते शिष्य गावबानं पुढे पुरं केलं. पुरणपोळीच्या ओढीनं नाथांकडे आला होता म्हणतात तो.

पण सगळ्यांत मोठं लफडं पुढेच आहे. इरावती कर्वे! डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ, महर्षी कर्व्यांची सून, वय साठीपार. त्यांच्या ‘युगान्त’मध्ये द्रौपदीवर लेख आहे. सगळा पुराव्यानिशी, महाभारताच्या संशोधित प्रतीच्या आधारानं. आणि शेवटी बाई सरळ सांगतात की इथवरचं महाभारतातलं, यापुढचं माझं पदरचं. मग महाप्रस्थानात कोसळलेली द्रौपदी, तिच्याजवळ मागे वळून आलेला भीम, आणि पुढच्या जन्मी तू सगळ्यांत थोरला हो, अशी तिची मागणी. अर्जुन राहिला बाजूला! कोरियन गायकाच्या गोष्टीवर पोरी वरती लिहितात ना, ‘पात्रं माझी नाहीत, कल्पना माझी आहे’, तेच हे, फक्त साडी नेसलेलं. यालाही शिक्षा झाली: १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार.

परदेशात तर याचे पैसेही होतात. ॲना टॉड नावाच्या बाईनं २०१३ मध्ये वॉटपॅड या गोष्टी टाकायच्या ॲपवर एका गायकाला नायक करून ‘आफ्टर’ लिहायला घेतलं, बरंचसं फोनवरच. पुढच्या वर्षी पुस्तक, २०१९ मध्ये सिनेमा. गायकाचं नाव तेवढं बदललं, ॲड्रेस पुसलेल्या पार्सलासारखं. वाईट आहे म्हणतात, मीही म्हणते. वाईट लिहिणाऱ्या पोरी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. प्रत्येक नायक ‘कपाळावरची बट मागे सारत’ येतो आणि शुद्धलेखनाचं नाव काढू नये. पण भाग टाकायचा म्हणून दर आठवड्याला पानंच्या पानं लिहिणं, वाचणाऱ्यानं ‘ताई, हे पटलं नाही’ म्हटल्यावर पुन्हा लिहिणं, हा रियाज कुठल्या वर्गात मिळतो, ते मला सांगा. निबंधात तर अजून ‘मी पक्षी झालो तर’च चालू आहे.

आणि रॉवेलबाई? त्यांनी २०१५ मध्ये ‘कॅरी ऑन’ काढलं. म्हणजे स्वतःच्या कादंबरीतली खोटी पोरगी ज्या खोट्या नायकांवर लिहीत होती, त्यांचंच खरं पुस्तक. चोरावर मोर!

तर माझा निकाल असा: पोरींनी लिहावं, बारावीचा महिना तेवढा सोडावा. आणि आमची ‘युगान्त’ची प्रत ज्यांनी नेली त्यांनी कृपया आणून द्यावी. घरातल्या पोरीला द्रौपदी-भीमाचा पुढचा भाग लिहायचा आहे.