विहिरीत 768 मजूर

आठवीच्या गणितात 'चलन' नावाचं प्रकरण येतं आणि मजुरांचे हाल सुरू होतात. 12 मजूर एक विहीर 8 दिवसांत खणतात, तर 16 मजूर किती दिवसांत खणतील? उत्तर 6. गणितातला मजूर आजारी पडत नाही, तंबाखू मळत नाही, उचल मागत नाही आणि सोळा जणांत एकाचाही मुकादमाशी खटका उडत नाही. 12 गुणिले 8 म्हणजे 96. हा गुणाकार कायम ठेवला की मजूर आणि दिवस व्यस्त चलनात आले, मास्तर मोकळे.

एखादं चौकस पोरगं मात्र तिथे थांबत नाही. दिवसाचे 8 तास धरले तर तीच विहीर 768 मजूर एका तासात खणणार आणि 46,080 मजूर एका मिनिटात! एवढ्या जणांनी उभं कुठे राहायचं, असं विचारणाऱ्याला बहुधा वर्गाबाहेर उभं राहावं लागतं. वास्तविक प्रश्न रास्त आहे. आयबीएममध्ये ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं: रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. चौघांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात 6, आठ जणांत 28. माणसं दुप्पट, मीटिंगा जवळजवळ पाचपट. हिंजवडीत हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

खरा घोळ होतो तो 'दोन्ही वाढलं की सम, एक वाढून दुसरं घटलं की व्यस्त' एवढंच घोकून परीक्षेला जाणाऱ्यांचा. 30 दिवसांच्या महिन्यात गेलेले दिवस वाढतात, उरलेले घटतात. मग हे व्यस्त चलन? मुळीच नाही. 5 गेले तर 25 उरतात, 10 गेले तर 20. गेलेले दुप्पट झाले, पण उरलेले काही निम्मे झाले नाहीत. इथे कायम राहते ती बेरीज. समचलनाला भागाकार कायम लागतो, व्यस्ताला गुणाकार. शेपूट उघडी राहिलेल्या आडव्या माशासारखं ते चलनाचं चिन्ह पुसून तिथे बरोबरीचं चिन्ह आणि सोबत एक स्थिरांक मांडता आला, तरच चलन.

मुंबईची रिक्षा या कसोटीला अर्धीच उतरते. फेब्रुवारी 2025 मध्ये लागू झालेला दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे, पण पहिल्या दीड किलोमीटरला किमान 26 रुपये. त्यापुढे, सुट्या पैशांचा फरक सोडला तर, भाडं अंतराच्या समचलनात चालतं. त्याआधी मात्र गल्लीच्या टोकाला उतरा नाहीतर दीड किलोमीटरवर, 26 ते 26.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे 1150 मध्ये, त्रैराशिकाच्या पाठोपाठ व्यस्त त्रैराशिक येतं. ते कुठे लावायचं हेही सांगितलेलं आहे. त्यातली एक जागा म्हणजे जनावराचं वय आणि किंमत. दोन वर्षं जुंपलेल्या बैलाचे 4 निष्क, तर सहा वर्षं जुंपलेल्याचे किती? 2 गुणिले 4 म्हणजे 8, भागिले 6: एक पूर्णांक एक तृतीयांश निष्क. हिशेब चोख. पण हाच नियम घेऊन बैलबाजारात गेलं तर महिनाभरच जुंपलेल्या बैलाचे 96 निष्क मोजावे लागतील, आणि अजून जूच न पाहिलेल्या खोंडाचा भाव सांगताना दलालाची बोटं रुमालाखाली अडकून पडतील. शून्याने भागायचं कसं?

व्यस्त चलनाची शिकवणी सगळ्यात महाग पडते ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. सगळा रस्ता ताशी 40 ऐवजी 60 ने कापला तर 47 मिनिटं वाचतात. 80 ऐवजी 100 ने, 14 मिनिटं. 100 ऐवजी 120 ने, जेमतेम साडेनऊ. काटा दर वेळी तेवढाच सरकला, 20 ने; बचत मात्र आटत गेली. त्या साडेनऊ मिनिटांसाठी जावईबापू लेन कापत सुटतात, मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा सुरू करतात आणि वाचवलेली सगळी मिनिटं फूड मॉलवर वडापावच्या रांगेत उभ्या-उभ्या खर्च होतात. शिवाय मोटारींना वेगमर्यादा आहे सपाटीवर ताशी 100 आणि घाटात 60 किलोमीटरची, आणि कॅमेऱ्यांना व्यस्त चलन समजावून सांगता येत नाही. त्यापेक्षा घरून दहा मिनिटं आधी निघा.