पंचावन्नवाले काका

पश्चिम लंडनमध्ये मराठी घरात सत्यनारायण असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, बैठकीत एक गृहस्थ हमखास कमी भरतात. ते स्वयंपाकघरात असतात. शिऱ्याच्या वासानं गेले असतील, हा नवख्यांचा गैरसमज. ते भिंतीवरच्या कपाटाचं दार उघडून, चष्मा कपाळावर सारून यजमानांचा बॉयलर न्याहाळत असतात. "७५ वर? बसवणाऱ्यानं ठेवला तसाच?" पोराला अजून पोलिओचा डोस दिला नाहीत का, असं विचारावं तो सूर.

काकांचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण वापरत कुणी नाही. जन्मभर हिशेबनिशी केली. २०२२ साली गॅसचे दर भडकले आणि त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला, तो अजून झोपलेला नाही.

ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत आता काँबी बॉयलर असतो. गरम पाण्याची टाकी नाही. एकच यंत्र रेडिएटरही तापवतं आणि नळाचं पाणीही. त्याला दोन बटणं, एकावर रेडिएटरचं चित्र, दुसऱ्यावर नळाचं. माणसं ती एकदा फिरवतात आणि विसरतात. काका विसरत नाहीत. नळाचं बटण ते ४८ वर लावून मोकळे होतात, जीव सगळा रेडिएटरच्या बटणात. "रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी ५५ च्या खाली हवं. तरच धुरातली वाफ आतल्या आत निवून तिचं पाणी होतं आणि तिची उष्णता आपल्या पदरात पडते. नाहीतर गेली शेजाऱ्याच्या अंगणात! मुळात सोडायचंच ५५ ला, म्हणजे परतीची चिंता नको." इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर घ्यायचा तर बहुधा या कंडेन्सिंग प्रकारचाच घ्यावा लागतो. "कंडेन्सिंग विकत घ्यायचा आणि त्याला कंडेन्स होऊ द्यायचं नाही!" हे म्हणताना काकांचा आवाज खरोखर कापतो.

तसं त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. रेडिएटर कोमट राहतात, घर हळूहळू तापतं, गॅस कमी जळतो. हळूहळू म्हणजे किती, हे मात्र काकूंना विचारावं.

थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये, १८ वर. "तो ३० वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही, तो फक्त चालू की बंद एवढंच सांगतो," हे काकूंनी इतक्यांदा ऐकलंय, की त्यांनी त्याला कधी हातच लावला नाही. पण पॅसेज स्वयंपाकघराला लागून. पोळ्या सुरू झाल्या की तिथं १९ अंश होतात, थर्मोस्टॅट तृप्त, बॉयलर बंद, आणि वर झोपायच्या खोल्यांत दात वाजायला लागतात. काकूंनी भाषण न देता उपाय काढला. फ्रीजरमधली मटारची पिशवी थर्मोस्टॅटला टेकवून ठेवायची. तो बिचारा घरात हिमालय अवतरला समजून बॉयलरला जुंपतो. काका मीटर बघून चक्रावले, भिंतींना हात लावून गळती शोधत हिंडले. त्या हिवाळ्यात घरात मटारउसळ फार होतेय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग कराडहून काकूंच्या आई आल्या. काँबीला नळातून मिनिटाला दोनेक लिटर पाणी वाहिल्याशिवाय नळ सोडलाय हेच कळत नाही. ज्योत पेटत नाही. आजींची धार करंगळीहून बारीक. बादलीत गारढोण पाणी.

"आई, नळ मोठा सोडा!" काका बाथरूमच्या दाराबाहेरून.

"वाया जातं हो, जावईबापू."

"जाऊ द्या, आई! जाऊ द्या!"

आजींनी जावयाचं मन राखलं आणि नळ सताड सोडला. आता पाणी कोमट. २४ किलोवॉटचं यंत्र मिनिटाला जेमतेम दहा लिटर पाणी ३५ अंशांनी चढवू शकतं, आणि जानेवारीत नळाला येतं तेच मुळी पाच-सहा अंशांचं. शेवटी काकांनी काकूंचं नेलपॉलिश घेऊन नळावर लाल खूण केली. आंघोळ मात्र मनसोक्त चाले. काँबी आधी नळाचं बघतो, तोवर रेडिएटर उपाशी; बाहेर काका हात चोळत बसत.

तरी त्यांना सगळे बोलावतात. कडाक्याची थंडी पडली की बॉयलरमधलं ते निवलेलं पाणी बाहेर नेणारी नळी गोठते आणि यंत्र रुसतं. गॅस सेफचा नोंदणीकृत माणूस परवाची वेळ देतो. काका अर्ध्या तासात हजर, हातात शेकायची रबरी पिशवी. बॉयलर उघडत नाहीत, कायद्याचे पक्के. अंगणात उभे राहून नळी शेकतात, उकळतं पाणी घेऊन धावलेल्या यजमानांना "नळी तडकेल" म्हणून परत पाठवतात, रिसेट दाबतात, चहा घेतात. निघताना, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बटण ५५ वर.

गाडी कोपऱ्यावर वळली की यजमान ते पुन्हा ७० वर नेतात. काकांना हे माहीत आहे. म्हणून हल्ली ते मफलर विसरून जातात आणि दहा मिनिटांनी तो न्यायला परत येतात.